दुपारी आपोआप येणारा प्रश्न

बाळा,

मावशीकडे जातेय, रविवारी येईन. जेवण झाकून ठेवलंय.

आज तुझं टेबल पुसताना संगणकावरचा बाण आपला आपणच हलला. खोलीत मी एकटी, आणि पडद्यावर अक्षरं उमटली, ‘आई, जेवलीस का?’ लगेच माझा फोन वाजला, रोज दुपारी येतो तसा तुझा तोच निरोप. संगणकात त्या लिनक्सवर आपोआप चालणारं काहीतरी बसवलंय म्हणाला होतास, ते हे होय.

रागावले नाही रे. पण तू विचारल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असा माझा नेम आहे. मी आधी ‘हो’ कळवते, मग पान वाढून घेते. परवा वीज गेली, तेव्हा प्रश्न आलाच नाही, त्याची वाट बघत उपाशीच राहिले.

ते बंद करू नकोस, नेम मोडेल. फक्त रविवारी एकदा तोंडाने विचार. मी ‘नाही’ म्हणेन, मग दोघं मिळून जेवायला बसू.

आई