मेनू बारवर सगळं हिरवंगार

१० जून, सोमवार
रविवारी सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस. सासरे आता नाहीत, पण त्यांच्या जुन्या व्हिडिओंची फिल्म मी करणार, असं अख्ख्या खानदानासमोर जाहीर करून आलोय. मेहुणा नाजी फिस्सकन हसला. फोनवर तिरकं शूटिंग करणाऱ्यानं हसू नये.
कॉम्प्युटर मात्र रडतखडत चालतोय. आधी रोग कळायला हवा. तेव्हा मेनू बारवर सिस्टिम मॉनिटर बसवायचा. प्रोसेसर, मेमरी, तापमान, सगळं डोळ्यांसमोर. एडिटिंग उद्यापासून.

११ जून
तीन टूल्स बसवून पाहिली. पहिल्यात नुसते आकडे. दुसऱ्यात मासा पोहतो, काम वाढलं की जोरात पोहतो. पोरखेळ! तिसऱ्यात बॅटरीचं चिन्ह. डेस्कटॉपला बॅटरी? बनवणाऱ्यानं आठवडाभर इथं बैरूतमध्ये, रोजच्या वीजकपातीत राहून दाखवावं.
हियामनं विचारलं, बाबांचं गाणं लावून झालं का? बायकोला वाटतं, आधी काम आणि मग तयारी.

१२ जून, दुपारी
चौथं टूल सापडलं. काय देखणे आलेख, सगळं ठीक असलं की हिरवेगार! फक्त वीज गेली की इंटरनेटचा आलेख सपाट होतो. फार वाईट दिसतं. म्हणून कॉम्प्युटरची यूपीएस काढून राउटरला लावली. हियाम म्हणाली, अरे, मग वीज गेल्यावर तो आलेख बघणार कशावर? तांत्रिक गोष्टींत तिनं पडू नये.

१४ जून
एडिटिंग सुरू! सासरे बाल्कनीत अरकचा, बडीशेपेच्या दारूचा ग्लास उंचावून गातायत, तो तुकडा लावला. खरंच भरून आलं. मग तापमान पाहिलं. ठीक होतं.
सगळ्यांत जास्त मेमरी कोण खातं, तेही अखेर कळलं. ही चार टूल्स. ती नसती तर हे कधी कळलंच नसतं! चारही ठेवतोय.

१५ जून, संध्याकाळी
फिल्म जवळजवळ तयार. नाजीचं तोंड बघण्यासारखं होणार. सेव्ह केलं की प्रोसेसरचा आलेख उड्या मारतो, म्हणून कालपासून सेव्ह बंद. ऑटोसेव्हही बंद. मेनू बारवर सगळं हिरवंगार.
सरकारी वीज गेलीय, गल्लीला वीज विकणाऱ्या अबू ईलीच्या जनरेटरवर आहोत. त्याच्या पाच अँपिअरच्या जोडणीत फ्रिज आणि इस्त्री एकत्र नांदत नाहीत, म्हणून काहीही लावण्याआधी घरभर ओरडायचं. गावठी पद्धत. आत्ताच हियाम स्वयंपाकघरातून ओरडली, उद्याचे कपडे आहेत, इस्त्री लावू का रे? मी मेनू बारकडे पाहिलं आणि ओरडलो, लाव बिनधास्त, सगळं हिरवं

१६ जून, रविवार
काल इस्त्री लागताच खटका पडला, कॉम्प्युटर बंद. राउटरचे दिवे तेवढे ऐटीत लुकलुकत होते. फिल्ममधलं उरलं ते फक्त शीर्षक. चूक इस्त्रीची.
पार्टीत नाजीनं फोनवरचा तिरका व्हिडिओ टीव्हीवर लावला. सासरे गाता गाता मध्येच थांबून घरात ओरडतात, ए, कुणी गीझर लावू नका रे, मी गातोय! सगळे पोट धरून हसले. सासूबाई हसता हसता रडल्या आणि म्हणाल्या, परत लाव. सात-आठ वेळा लावला. मलाही रडू आलं, पण ते कुणी पाहिलं नाही.
मग त्यांनी विचारलं, जावईबापू, तुमची फिल्म कुठंय? मी म्हटलं, शेवटपर्यंत सगळं हिरवं होतं हो.
त्यांनी ताबुलेचा, पार्सलीच्या कोशिंबिरीचा वाडगा माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, हेही हिरवंच आहे. खा.