कोरियावाल्यांनी उभं राहावं

फेल्डन, मिनेसोटा
३० ऑक्टोबर १९८३

ती. मार्लिसताईस,
गॉर्डनचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझा भाऊ यंदा सोमवार क्लबचा अध्यक्ष झालाय, त्यामुळे हार्डवेअरचं दुकान आर्डिस सांभाळते आणि मी गाव सांभाळतो. निदान आर्डिसचं तरी तसं म्हणणं आहे.

दरवर्षी आम्ही शाळेतल्या मुलांना चष्मे देतो, तळ्याकाठी बाकं बसवतो. यंदा माझ्या डोक्यात आलं, की गावातून जे जे युद्धावर गेले त्यांना एकत्र बोलवावं, जेवू घालावं, नाव कोरलेली लाकडी पाटी द्यावी. सगळ्यांनी उचलून धरलं. फक्त म्हातारा लिअँडर मो अडून बसला. म्हणे, जर्मनीत मी काय केलं ते मला माहीत आहे, त्यावर कोंबडी खायची गरज नाही. तीनदा त्याच्या गोठ्यात जाऊन उभा राहिलो. शेवटी म्हणाला, येतो बाबा, पण आधी गाईंचं दूध काढू दे.

जेवण चर्चच्या तळघरात. स्वयंपाकघर अर्थात वर्ना आत्याच्या ताब्यात. शाळेच्या नर्सची नोकरी सुटली, पण हुकूम सोडण्याची सवय काही सुटली नाही. भोपळ्याच्या गोड पाई ती भाजणार आणि कॉफीही तीच वाढणार, कारण दुसऱ्या कोणी केलेली तिला गढूळ पाणी वाटते. तिचा डावा कान आता पार गेलाय. मी काम सांगायला लागलो, की नेमकी तीच बाजू माझ्याकडे करते.

या येत्या सभेला तू हवी होतीस. भावाचं भाषण ऐकून तुझा ऊर भरून आला असता, किंवा तू झोपली असतीस. मुलांचे तुला पापे. लोभ आहेच, तो जरा पोर्टलंडहून इकडेही धाडत जा.

तुझा,
गॉर्डन

*

फेल्डन
९ नोव्हेंबर १९८३

चि. मार्लिस हिस,
वर्ना आत्याचे अ. उ. आ.

तू पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. रंग तुझ्या आईला आवडला असता, मला जरा भडक वाटतो, पण पाय काही बघायला येत नाहीत. इकडे तळ्याच्या कडेला बर्फ धरू लागलंय. गुडघे ठीक. मांजर लठ्ठ.

गॉर्डनची सभा झाली. पोरगं छान बोललं. तुझ्या वडिलांसारखं मध्येच चष्मा काढून पुसतं. कोंबडी जरा कोरडी झाली, तो दोष ओव्हनचा. भोपळ्याच्या पाईचा मात्र एक तुकडा उरला नाही. लिअँडर मो धुतलेला सदरा घालून आला होता, त्याला पहिल्यांदा कोणी ओळखलंच नाही.

जेवण झाल्यावर गॉर्डनने एकेका युद्धाचं नाव घेतलं आणि त्या त्या लोकांना उभं राहायला सांगितलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर जरा टेकले होते. त्याने कोरिया म्हटलं तेव्हा मीही उठले. गॉर्डनला कॉफी हवी होती, ती नेऊन दिली. मग बाकीच्या टेबलांवरही फिरवली.

भांडी घासायला आर्डिस थांबली, गुणी आहे. येताना थंडी होती, पण चालत आले.

तुझ्या धाकट्याच्या खोकल्याला कांद्याचा काढा देऊन बघ. तो नाक मुरडेल, तू तिकडे लक्ष देऊ नकोस. जीव जपून असा सगळी, आणि म्हातारीला चार ओळी लिहीत जा.

तुझी,
वर्ना आत्या

*

पोर्टलंड, ऑरेगन
१६ नोव्हेंबर १९८३

चि. गॉर्डन यास,
मार्लिसताईचा आशीर्वाद. एरवी थट्टाही केली असती, आज जमणार नाही.

आत्याचं पत्र आलं. तिने तक्रारीचा एक शब्द लिहिलेला नाही. म्हणूनच मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. गॉर्डी, तू कोरियावाल्यांना उभं राहायला सांगितलंस तेव्हा आत्या उभी राहिली होती. तू तिच्याकडे कॉफी मागितलीस.

तुला माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. ती निघाली तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. बसथांब्यावर तू तिची टोपी घालून सगळ्यांना सलाम ठोकत होतास आणि बाबा तुला दटावत होते. ती सैन्यात लेफ्टनंट होती, गॉर्डी. तिचा तो डावा कान, ज्यावर आपण सगळे इतकी वर्षं विनोद करतो, तो तिथे गेला. माझा थोरला झाला तेव्हा ती महिनाभर माझ्याकडे होती. एकदा लंगोट वाळत घालताना सहज बोलून गेली. शस्त्रक्रियेच्या तंबूजवळ तोफेचा गोळा पडला, सगळे आडवे झाले. टेबलावरच्या पोराचं पोट उघडं होतं, म्हणून ती आणि तिची मैत्रीण तेवढ्या उभ्या राहिल्या. मी रडायला लागले तर म्हणाली, लंगोट नीट झटक, सुरकुत्या पडतात.

मीही हे कोणाला सांगितलं नाही, तेव्हा माझेही हात काही स्वच्छ नाहीत. पण यादी करताना तुला गावातला प्रत्येक गोठा आठवला आणि सख्खी आत्या आठवली ती कॉफीसाठी.

आता काय करायचं ते तू ठरव. माया आटलेली नाही, पण आज तिला धार आहे.

तुझी ताई,
मार्लिस

*

फेल्डन
११ डिसेंबर १९८३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उभ्याने वाचलं आणि गिऱ्हाइकाला खिळे द्यायचे ते बिजागऱ्या दिल्या.

माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. ती कोरियात होती हे मला कायम माहीत होतं. पण ती नर्स होती, आणि नर्स म्हणजे मदतीला गेलेली बाई, असं माझ्या डोक्यात कुठेतरी बसलं होतं. मी तिला विसरलो नाही, ताई, मी तिला गणतीत धरलंच नाही. आणि ती उठली ते मी पाहिलं होतं. टाळ्या चालू होत्या, ती किटली हातात घेऊन सरळ उभी होती, माझ्याकडेच बघत. मी हसून कप उंच केला. तिने क्षणभर वाट पाहिली, मग आली.

त्याच दिवशी तिच्याकडे गेलो. दारातच सगळं बोलून टाकलं, तर म्हणाली, ओरडू नकोस, उजव्या बाजूला बस. मी पुन्हा सगळं सांगितलं. पुढच्या सभेत तुझा सत्कार करतो, पाटी करायला टाकतो, म्हटलं. ती म्हणाली, पाटीसाठी भिंतीला भोक पाडावं लागतं, आणि एकटीने उभं राहून टाळ्या घेण्याचं माझं वय गेलं. मग तू तेव्हा बोलली का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, उभी तर राहिले होते, आणखी काय करायचं असतं?

क्लबमध्ये मी माझी चूक भर सभेत सांगितली. दोघेतिघे म्हणाले, एवढं काय, नर्सच तर होत्या. त्यावर पाहुणा म्हणून आलेला लिअँडर मो उठला आणि म्हणाला, माझी जखम ज्या बाईने शिवली तिचं नाव मी विचारलं नाही, त्याची लाज मला अजून वाटते, तुम्ही आपापली लाज शोधा. टोपी घेऊन चालता झाला.

आत्याने शेवटी एकच मागितलं. तिची तंबूतली मैत्रीण, ऑर्फा लिंडाल, सेंट क्लाउडच्या वृद्धाश्रमात आहे. तिला आता दिसत नाही. बर्फात आत्याला गाडी चालवायला भीती वाटते, म्हणून दोन हिवाळे भेट झाली नव्हती. काल मी घेऊन गेलो.

ताई, त्या दोघी कशा हसत होत्या! कुठल्याशा कर्नलच्या गोठलेल्या दाढीची गोष्ट होती, अर्धी एक सांगायची, अर्धी दुसरी. मग ऑर्फाबाईंनी विचारलं, बरोबर कोण आहे? आत्या म्हणाली, माझा भाचा, त्याच्या क्लबने माजी सैनिकांना जेवायला बोलावलं होतं. ऑर्फाबाई एकदम सरसावून बसल्या. म्हणाल्या, खरंच? तू गेली होतीस? काय होतं जेवायला? कोरियाचं नाव घेतलं का? आत्या म्हणाली, घेतलं. मग तू उभी राहिलीस? आत्या म्हणाली, राहिले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या? खूप वाजवल्या, आत्या म्हणाली, छप्पर दणाणलं.

एक शब्द खोटा नव्हता.

ऑर्फाबाईंनी चाचपडत माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, आम्हाला कोणी कधी बोलावलं नाही रे, तू बोलावलंस, देव तुझं भलं करो. मी आत्याकडे पाहिलं. खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. आत्याने हळूच मान हलवली, नको. मी हात तसाच राहू दिला. त्या किती तरी वेळ तो थोपटत होत्या.

परतताना आत्या गाडीत झोपली. मला मात्र रस्ता धड दिसत नव्हता, आणि बर्फ तर पडत नव्हतं.

आता महिन्यातून एकदा तिला तिकडे न्यायचं ठरवलंय. याने काही फिटत नाही, हे मला कळतं. तू रागावलीस ते बरं केलंस. धार असली तरी चालेल, माया असू दे.

तुझा,
गॉर्डन