वरचा बटाटा का वाचला

प्रिय नोएमी,

आठ वर्षांनी बाईंचं पत्र बघून दचकशील. घाबरू नकोस, तुझे आईवडील खुशाल आहेत. मलाच आज राहवेना, म्हणून शाळा सुटल्यावर घरी न जाता इथंच लिहायला बसलेय.

गेल्या आठवड्यात एका रात्रीत हिवानं सपाटीवरचा बटाटा करपून काळा पडला. टेकडीवरचा मात्र हिरवागार. नेमका त्याच दिवशी धडा होता, जितकं उंच जावं तितकी थंडी जास्त. तुझ्या चुलतभावाची रुफिना, नऊ वर्षांची, उठून उभी राहिली. "बाई, मग आमचा खालचा बटाटा कसा करपला? वरचा करपायला हवा होता." पोरं हसली. ती काही बसेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नाही माहीत. कसं शोधायचं, तुम्हीच सांगा."

मग जी गंमत सुरू झाली, काय सांगू! वाल्तेर म्हणाला, धरणीमाय रुसली. रुफिना म्हणाली, "फक्त आमच्यावरच रुसली होय? वरच्या शेतवाल्यांनी काय तिचे पाय चेपले?" शेवटी ठरलं, पायथ्यापासून वरपर्यंत पाण्याच्या सात ताटल्या मांडायच्या. एरवी घंटेनंतर येणारी पोरं दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हजर. खालच्या तीन ताटल्यांत बर्फ, वरच्या चारांत पाणी. पण का? तेवढ्यात वरच्या घरातल्या चुलीचा धूर उतारावरून हळूहळू खाली घरंगळताना दिसला, सपाटीवर येऊन साचला. रुफिना माझी शाल ओढायला लागली. "बाई, गार हवा जड असणार. पाण्यासारखी खाली वाहतेय." मला तर रडूच आलं. मग पुस्तक खोटं का, यावर पोरं अजून भांडताहेत, आणि मी त्यांना भांडू देतेय.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पोरं हे सगळं गावापुढं मांडणार आहेत. मी त्यांना सांगितलं, हा प्रश्न सगळ्यांत आधी याच वर्गात नोएमीनं विचारला होता. रुफिनानं लगेच विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" मी खरं ते सांगितलं. "पुस्तकापेक्षा तू शहाणी का?" म्हणून तुला दिवसभर व्हरांड्यात उभं केलं. त्यानंतर तू कधी हात वर केला नाहीस, आणि वर्ष संपताच शाळा सोडून एल आल्तो शहरात शिवणकामाला गेलीस. उत्तर मला तेव्हाही येत नव्हतं, पोरी. तसं म्हणायची लाज वाटली. शुक्रवारी सुट्टी मिळाली तर ये. व्हरांड्यात तुला सगळ्यांदेखत उभं केलं होतं, माफीही सगळ्यांदेखतच मागायची आहे.

तुझीच,
सेनोबियाबाई