खाडी भादरणाऱ्या मामांस

तीर्थरूप मामा,

'तीर्थरूप' आईच्या धाकानं लिहिलं आहे. उद्या तुमचा तेरावा. संध्याकाळी जव्हारात शोकसभा, आणि वक्ता मी! "माझ्या भावाबद्दल चार शब्द गोड बोल," असं तिनं बजावलंय. गोड शब्द सापडेनात, म्हणून आधी तुम्हांलाच लिहितो.

लोक म्हणतील, मामा कर्ते होते. होताच! डोंगरातलं गवत मक्त्यानं कापून पुरलं नाही, तेव्हा तुमची नजर खाडीकडे वळली. ओहोटीच्या चिखलावर बोटभर हिरवं गवत दिसलं आणि तुम्ही म्हणालात, "हे कापायला कोणीच नाही? काय आळशी लोक!" हिरवं दिसलं की कापायचं, याखेरीज दुसरा विचार तुमच्या डोक्याला कधी शिवला का?

मी सांगितलं होतं. मामा, हे पाण्याखालचं कुरण आहे. भरतीला इथं कोलंबीची पिल्लं लपतात, मासळी वाढते. मुळांनी चिखल धरून ठेवलाय. तुम्ही हसलात. "पुस्तकं वाचून मासे होतात का रे?"

किनाऱ्यावरची कोळीण कमरेवर हात ठेवून ओरडली, "शेट, डोंगराव गवात सरला काय, म्हून दर्या भादराला आलास?" तुम्हांला तीही गंमतच वाटली! निम्मं कुरण मुळांसकट खरवडून तुम्ही गाड्या भरल्यात. घाटावरच्या दाभोशातल्या तुमच्या कुळांना हुकूम सोडलात, यंदा भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर गवत जाळून राब भाजायचा तो याच गवताचा.

खारट चिखलाचा राब! त्या राखेत रोपं उगवली, पिवळी पडली, बसली. कुळं म्हणाली, "शेट, राख चाटून बघा." तुमचं उत्तर? "तुम्हांला राब भाजता येत नाही!" लावणीला दाभोशात रोप नव्हतं. खाडीत कोलंबी नव्हती, म्हणून सुकवलेल्या सोड्यांची टोपलीही घाट चढली नाही. डोंगरातली भाताची रोपं आणि समुद्रातली मासळीची पिल्लं एका फटक्यात मारणारा दुसरा शहाणा मी पाहिला नाही.

समुद्र मला पहिल्यांदा तुम्हीच दाखवलात, खांद्यावर बसवून. लाट आली की तुम्हीच दचकत होता. तेवढी भीती पुढे का टिकली नाही हो?

आता तुमचे चिरंजीव अण्णा म्हणतात, "बाबांचं अर्धं राहिलेलं काम पुरं करू." सुतक फिटलं की उरलेलं कुरण खरवडायचं, आणि पुन्हा त्याच कुळांच्या माथी मारायचं. बाप गेला, अक्कल आली नाही!

तर ऐका. उद्या दाभोशाची कुळं मी पहिल्या रांगेत बसवणार आहे. त्यांच्यासमोर तुम्ही काय केलंत ते सांगणार, आणि एकानंही गाडी जुंपू नये असं बजावणार. आई माझ्याशी बोलणं टाकील. टाकू दे.

अण्णा तरीही निघालेच, तर त्यांच्या आधी मी त्या चिखलात उभा असेन. ओहोटी थोडाच वेळ असते, मामा. कुरणावर पाणी चढेस्तोवर माझं भाषण संपणार नाही, हे वचन.

तुमचा भाचा,
केशव