बखरीचा शेवटचा फर्मा

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल सुनेला शंका असते, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर पत्नीला. ती म्हणते, ते आधीपासून तिचेच आहे. आता कागदोपत्रीही होईल.

२. दुकान, दाबयंत्र, सुया आणि खळीचे भांडे मुलीला. मुलाने वाईट वाटून घेऊ नये, त्याला सरळ टाका येत नाही. त्याने मोटारसायकल घ्यावी.

३. दोन राजबंधूंची छापील बखर. हिच्यापायी मी घरादाराला वीट आणला. नळाला पाणी कमी आले की मी बखरीतला वेढा काढायचो, सोसायटीची निवडणूक आली की दरबारातली फितुरी. "माणूस तेव्हाही असाच होता," हे माझे वाक्य नातवंडे माझ्याआधी म्हणून मोकळी होतात.

४. धाकट्या भावाचे म्हणणे होते, दुकानाच्या पाटीवर नुसते 'आणि बंधू' नको, त्याचेही नाव हवे. बखरीतला धाकटाही आपला शिक्का मागतो, थोरला किल्ल्याचा दरवाजा लावून घेतो आणि तिथेच बखर संपते. ते पान मी गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचले. भावाने दुसरे दुकान काढले. त्याला अकरा वर्षे झाली.

५. गेल्या महिन्यात बखरीची बांधणी उसवली. पुठ्ठ्याच्या आत, जाडीसाठी रद्दी म्हणून तरुणपणी मीच चिकटवलेला शेवटचा फर्मा निघाला. एकत्र छापून घडी घातलेली सोळा पाने. त्यात थोरला अनवाणी धाकट्याच्या दारात जातो आणि म्हणतो, "चूक माझी. शिक्का दोघांचा." मला फार लाज वाटली. पत्नी म्हणाली, "पान सापडायला अकरा वर्षं लागली. आता चपला घालायला किती लावणार?"

६. बखर दुकानातल्या बाकावर ठेवावी. वाचणाऱ्याने शेवटचा फर्मा आधी वाचावा. पाटी मुलीने नवी करावी, दोघांच्या नावांची.

७. धाकट्या भावाला काहीही ठेवलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि साक्षीदारासमक्षच सही करावी लागते. मला तो समोर हवा आहे.

सही: थोरला

साक्षीदार: १. वकीलबाई २. धाकटा. सही केली. पाटीवर माझं नाव वर.

ठिकाण: ~~धाकट्याच्या दाराबाहेरची पायरी~~ धाकट्याचे स्वयंपाकघर (खाडाखोड मान्य, दोघांच्या सह्या)

तारीख: आज, रविवार, चहा झाल्यावर