भावंडांचा रकाना

४ जानेवारी १९९७, शनिवार
आजपासून सहा शनिवार, संध्याकाळी पाच वाजता, बसवनगुडीत व्याख्यानं. विषय: वैद्यकीय नीतिमत्ता आणि 'उत्तम वंश' घडवू पाहणाऱ्या चळवळीचा इतिहास. वक्ते डॉ. रघुपती, निवृत्त, आवाज बारीक. मी क्रोमोसोमच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून जाणं योग्य. वैयक्तिक कारण काही नाही.
श्रोते ३१. पंखे चार, चालू दोन.

५ जानेवारी, रविवार
लग्नासाठीचा बायोडेटा टाइप केला. उंची, शिक्षण, गोत्र. 'भावंडे' या रकान्यात 'नाही' लिहिलं.
दादाला (श्रीरंग, वय ३१, डाउन सिंड्रोम) वगळलं ते लाजेपोटी नव्हे. त्याचे क्रोमोसोम मी स्वतः मोजले आहेत. फोटो काढून, कात्रीने एकेक कापून, जोड्या लावून. शेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस. त्याचा प्रकार वंशपरंपरेने येणारा नाही. माझ्या मुलांना धोका इतर कुणाहून जास्त नाही. जी माहिती निष्कर्ष बदलत नाही ती गाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
आई म्हणाली, अगं, पण कळल्यावर? मी म्हटलं, योग्य वेळी मीच सांगीन. बाबा पेपरमागून म्हणाले, म्हणजे केव्हा? अशा प्रश्नांना उत्तर नसतं.
झेरॉक्स २५ प्रती. आता दुरुस्ती पुढच्या खेपेस.

११ जानेवारी, शनिवार
एक प्रत लागू पडली. शंतनु, पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये, आठ महिने झाले. भेटायचं होतं, तर मी व्याख्यानालाच बोलावलं. वेळ वाया जात नाही. तो शेंगदाणे घेऊन आला आणि पूर्ण वेळ ऐकत बसला.
आजचा विषय: अमेरिकेत जत्रांमध्ये गाई-बैलांच्या शेजारी कुटुंबांचीही परीक्षा घेत. दात, डोळे, घराण्यात कोण वेडं, कोण अपंग. उत्तम कुटुंबाला पदक. किती बालिश लोक!
शंतनुला पुढच्या शनिवारी सांगायचं. ठरलं.

१८ जानेवारी, शनिवार
सांगता आलं नाही, कारण डॉक्टरांनी कागद वाटले. म्हणाले, आपापल्या तीन पिढ्यांचा तक्ता काढा. त्या काळी घरोघर जाऊन असेच काढत, आणि त्यावरून कुणाला मूल होऊ द्यायचं नाही ते ठरवत.
शंतनुने सगळं पेनने काढलं. आजोबांचे भाऊ वेड्यांच्या इस्पितळात, आत्याला फिट्स, काका दारुडे. मला दाखवून हसत होता. म्हणाला, आमच्याकडे पदक नाही यायचं बुवा. मी मनातल्या मनात सगळं माफ केलं. एवढा मोठेपणा हवाच.
माझा तक्ता स्वच्छ. डॉ. रघुपती बाकांमधून फिरत आले, वाकून पाहिलं, म्हणाले, अरे वा, इतकं स्वच्छ! घरात माणसं राहतात ना? सगळे हसले. मीही हसले.
शंतनु हसला नाही. त्याचं लक्ष नसावं.

२५ जानेवारी, शनिवार
शंतनुचे आईवडील पुण्याहून येणार, २ तारखेला, पाहायला. दादाला आज सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला उपेंद्रमामाकडे सोडलं. आधीच सवय झालेली बरी, म्हणून आठवडाभर आधी.
दादाने विचारलं, का? मी म्हटलं, पाहुणे येणार, जागा कमी. तो म्हणाला, मी स्वयंपाकघरात बसतो. मग म्हणाला, चहा मीच देतो की. आमच्याकडे कुणीही आलं तरी ट्रे तोच आणतो, आजवर सांडलेला नाही. ही गोष्ट खरी आहे, पण मुद्द्याला धरून नाही.
या धावपळीत आजचं व्याख्यान अर्धं बुडालं.

२८ जानेवारी, मंगळवार
शेजारच्या गौरम्मा अक्कांनी गच्चीवरून विचारलं, रंगण्णा कुठे? दादाला त्या रंगण्णा म्हणतात. चार दिवस कुणी हाक मारली नाही, आपलं चामराजपेट मुकं झाल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, स्वल्प दिवस मामाकडे. अक्का म्हणाल्या, सरी, ठीक आहे, पण तो गेला की तुम्ही पाठवलं?
शेजाऱ्यांना मोजून उत्तरं द्यावीत.

१ फेब्रुवारी, शनिवार
पाचवं व्याख्यान. जर्मनीतला १९३३ चा कायदा. आधी नसबंदी, मग संस्थांमधून गाड्या भरून माणसं नेली. घरच्यांना सांगत, चांगल्या जागी हलवलं आहे.  मी तारखा उतरवून घेतल्या.
शंतनु बाहेर आल्यावर म्हणाला, तुला काही बोलायचंय का? मी म्हटलं, उद्याच्या तयारीत आहे. उद्या नक्की सांगणार, सगळ्यांसमोर, एकदाच.

२ फेब्रुवारी, रविवार
माणसं साधी, चांगली. शंतनुच्या आईने विचारलं, एकुलती एक का गं? आईने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. आवाज स्थिर होता. बाबा उठून गच्चीत गेले ते पोहे संपेपर्यंत आलेच नाहीत.
ट्रे मी आणला. दोन बशा सांडलेल्या चहाने भरल्या.
सगळं ठीक झालं. साखरपुडा २३ ला करायचा विचार. दादाला तोपर्यंत मामाकडेच ठेवणं सोयीचं. मामीचा फोन होता, तो कमी जेवतो. हवापालटामुळे असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार
शेवटचं व्याख्यान. डॉक्टरांनी मला लॅबच्या बाजूने पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी म्हटलं, आमचं काम मोजणं. कोण हवं आणि कोण नको, हे ठरवायला आम्हाला कुणी बसवलेलं नाही. टाळ्या. मला वाटतं, चांगलं बोलले.
नंतर समोरच्या दर्शिनीत, उभ्या उभ्या, कॉफी. आज सांगणारच होते. शंतनु आधी बोलला. म्हणाला, पहिल्याच आठवड्यात मी तुमच्याकडे फोन केला होता. तुझ्या दादाने उचलला. वीस मिनिटं बोलला माझ्याशी, सगळे बस नंबर सांगितले, आणि म्हणाला, सुची ऑफिसात आहे, ती सगळं बरोबर मोजते. तेव्हापासून वाट बघतोय, तू कधी सांगतेस. दर शनिवारी वाटायचं, आज.
मी त्याला प्रकार समजावून सांगितला. वंशपरंपरेने येत नाही, धोका नाही, टक्केवारीसकट. तो म्हणाला, अगं, त्याची मला अडचण कधीच नव्हती. आता कुठे आहे तो? मी म्हटलं, मामाकडे. त्याने पेला बाजूला सारला. म्हणाला, उद्या मलाच काही झालं, तर मला कुठल्या मामाकडे पाठवशील, सुचेता?
प्रश्न तर्काला धरून नाही. मला एकच मामा आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
शंतनुकडून माझी पत्रिका परत आली, पोस्टाने. सोबत चिठ्ठी नाही.  बाबा म्हणाले, आता पोराला आणा.
लॅबमध्ये एक नमुना तीनदा मोजला. तीनदा वेगळा आकडा.

१६ फेब्रुवारी, रविवार
के. आर. पुरमला गेले. दादा अंगणात खुर्चीवर बसला होता, बारीक झालाय. मी म्हटलं, चल घरी. त्याने विचारलं, पाहुणे गेले? गेले. परत येतील? हे नाही येणार. म्हणाला, मग दुसरे येतील. मी इथे बसतो. तुझं लग्न झालं की ने.
मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. म्हटलं, दादा, तुला पाठवायला नको होतं. तुझ्यामुळे काहीच अडलं नव्हतं. चूक माझी आहे.
तो हसला. मामीला हाक मारून म्हणाला, मामी, ऐकलंत का, सुची म्हणते तिची चूक झाली! मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला, सुचीची चूक होत नाही.
आणि खुर्ची उचलून आत गेला.
पाच चाळीसच्या बसपर्यंत थांबले. एकटीच परत आले.