माझ्या नावाची मुलगी

मंगळवार, संध्याकाळ. मालवीय नगर.

आज टोंककडच्या एका गावातून सुनीताचा फोन आला. गरोदर बायकांना तपासणीची आठवण करून देणारं आमचं ॲप तिच्याकडे आहे. तिचा वाढलेला रक्तदाब त्यामुळेच वेळेत कळला. "दीदी, बेटी हुई है. आपका ही नाम रखा है, मेधा." मागे बाळ रडत होतं. आणि मला काहीच वाटलं नाही. अगदी काहीच. "बधाई हो" म्हणाले आणि फोन कधी संपतो याची वाट बघत राहिले. याचसाठी पुण्याची नोकरी सोडली होती ना मी?

दुपारी आमच्या संस्थापकांना, विवेकजींना सांगितलं, महिनाभर सुट्टी हवी, मी थकलेय. ते हळूच म्हणाले, "मेधाजी, ऐसी कितनी सुनीता हैं, सोचिए." सोचलं. अर्ज मीच मागे घेतला. वर सुट्टी मागितल्याची लाज वाटली.

ते बाळाचं रडणं अजून कानात आहे. नुसता आवाज.

घरी नवऱ्याला, निखिलला सांगितलं तर तो हरखलाच. "तुझं नाव! ऐकून रडलीस ना?"

"हो," म्हणाले.

त्याने मला जवळ घेतलं. मी उद्याच्या मीटिंगचा विचार करत होते.